दोन हाका, एक ओ

"आज यांनाच घेऊन जा गं," पार्वतीबाई म्हणाल्या. "घरात बसून बसून खुर्चीला खड्डा पडलाय."

वीणा हातात फोन धरून दारातच उभी होती. दक्षिण दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात ती ईसीजी टेक्निशियन होती, आणि गेली पाच वर्षं नव्या मुलांना शिकवायचं कामही तिच्याकडेच होतं. दर तुकडीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला वॉर्डबॉय रामफल पलंगावर आडवा व्हायचा आणि मुलं त्याच्या छातीवर तारा लावायला शिकायची. आज नेमकं तेच प्रात्यक्षिक होतं आणि रामफल भाचीच्या लग्नाला रोहतकला गेलेला. तासभर शर्ट काढून पडून राहायला हरकत नसलेला एक धडधाकट माणूस हवा होता.

"बाबा, याल?" वीणाने विचारलं.

तिच्या सासऱ्यांनी, खंडेराव धारूरकरांनी, वर्तमानपत्रातून मान वर केली. "पडूनच राहायचंय ना? ते मला जमतं."

"तेवढंच जमतं," पार्वतीबाई स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या.

खंडेराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. चोविसाव्या वर्षी बीड जिल्ह्यातून दिल्लीला आले ते केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून. छत्तीस वर्षं कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढून निवृत्त झाले. आता मुलगा नीरज मंत्रालयात नोकरीला होता आणि त्याला मिळालेल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळे राहत होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

वर्षभरापूर्वीपर्यंत हा माणूस घरात टिकत नसे. सकाळी चालायला, तिथून दुधाच्या बूथवर, मग भाजी, दुपारी मराठी मंडळाची काही ना काही कामं. मग हळूहळू एकेक सुटत गेलं. आधी भाजी सुटली, मग मंडळ. चालायला जाणं बागेतल्या पहिल्या बाकापर्यंत आलं. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबायचे आणि म्हणायचे, "थांब, जरा नकाशा बघतो." अकरावीतली नात क्षिप्रा हसायची. "आजोबा, तुम्ही बिल्कुल स्लो मोशनमध्ये चालता यार!" नीरज म्हणायचा, वय झालं. महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे बीपी मोजलं जायचं, आकडा ठीक यायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

पार्वतीबाईंना मात्र हे वयाचं कारण मुळीच मान्य नव्हतं. "वय माझंही झालंय. मी बसते का? हा शुद्ध आळस आहे," असं त्या नवऱ्याच्या तोंडावर सांगायच्या. खंडेरावही वाद घालत नसत. त्यांना स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.

ऑटोतून उतरून इस्पितळाच्या दारापर्यंत जाताना ते दोनदा थांबले. वीणाने घड्याळ पाहिलं. तिला उशीर होत होता.

वर्गात सहा जण होते. सगळ्यात मागे अवनी उभी होती. ती बहादूरगढहून रोज मेट्रोने यायची आणि असे प्रश्न विचारायची की बाकीचे एकमेकांकडे बघून हसायचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "मॅडम, दिल को पता कैसे चलता है कि कब धड़कना है?" सगळे हसले होते, पण वीणाला तो प्रश्न आवडला होता. तिच्या मते सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नाचं उत्तर होता.

वीणा हिंदीत शिकवायची आणि पाठ्यपुस्तकातले शब्द शेवटी सांगायची. आधी ती फळ्यावर एकच ठोका मोठा करून काढायची. सुरुवातीला एक छोटा उंचवटा, मग सुईसारखं उंच टोक, मग एक रुंद, गोल टेकडी.

"हृदयाचे वरचे कप्पे खालच्यांना हाक मारतात. ती हाक म्हणजे हा छोटा उंचवटा, पी. खालचे कप्पे ओ देतात, आवळले जातात आणि रक्त अंगभर जातं. तो ओ म्हणजे हे उंच टोक. आणि ही टेकडी, टी, म्हणजे ओ दिल्यानंतरचा विसावा. ईसीजी वाचायचा म्हणजे काय करायचं? प्रत्येक हाकेला ओ आला का ते बघायचं. बाकी सगळं नंतर."

मग खंडेराव शर्ट काढून पलंगावर आडवे झाले. मुलांनी मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले, छातीवर जेल लावून रबरी फुगे बसवले.

"अरे बापरे, बर्फ लावताय की काय!" खंडेराव ओरडले आणि खोली हसली.

"बाबा, हलू नका."

"गेलं वर्षभर मी तेच करतोय."

अवनीने बटण दाबलं. यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर आला. तिने तो फाडून वीणाच्या हातात दिला. वरच्या कोपऱ्यात यंत्राने आपला निकाल छापला होता. साइनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे लय नेहमीचीच, फक्त संथ. गती, मिनिटाला सदतीस.

वीणाने आकडा पुन्हा वाचला. सदतीस फारच कमी होते. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या मनाने समजूत काढायला सुरुवात केली. वय आहे, निवांत पडलेत, थंडी आहे. ती मुलांकडे वळली. "ज्येष्ठ माणसांमध्ये कधी कधी गती अशी कमी..." एवढं बोलून ती थांबली, कारण अवनीने कागदावर बोट ठेवलं होतं.

"मॅडम, ये क्या है?"

"कुठे?"

"हे इथे. टेकडी जिथे संपते, तिथे पायथ्याशी. छोटंसं टेंगूळ आहे. सगळ्याच टेकड्यांच्या पायथ्याशी आहे."

"टी का बच्चा होगा," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हसू फुटलं.

वीणा हसली नाही. तिने टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, त्याची कड ईसीजीच्या पट्टीवर ठेवली आणि पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक छोट्या उंचवट्यावर आणि एक पुढच्या ठोक्याच्या उंचवट्यावर. मग कागद दुमडून दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण केली आणि कड पुन्हा पट्टीवर टेकवली. तिसरी खूण नेमकी त्या टेंगळावर बसली. ती पुढच्या ठोक्यावर सरकली. पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या ठोक्यावर. तिथेही.

मुलं तिच्याभोवती दाटली.

"वीणा, काय झालं?" पलंगावरून खंडेरावांनी विचारलं.

"काही नाही बाबा. पडून राहा."

"काही नाही तर सगळ्यांचे चेहरे असे का? आण बघू तो कागद. आलेखाचाच कागद आहे ना? जन्म गेला माझा त्यात."

वीणाने क्षणभर विचार केला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. खंडेरावांनी ती हातभर लांब धरली, एक डोळा बारीक केला. चिमटे लावलेल्या हाताने पेन्सिल मागितली.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस मिलिमीटर," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर. आठ मोठ्या चौकटी."

"आता हा उंचवटा आणि हे टेंगूळ. मध्ये वीस. टेंगूळ ते पुढचा उंचवटा, पुन्हा वीस." पेन्सिलीचं टोक पट्टीवरून शांतपणे पुढे गेलं. "सगळीकडे वीस. हे काही कागदावर चुकून पडलेलं बोट नव्हे. हे मोजून काढलंय कुणीतरी. पण आहे काय हे?"

वीणा पलंगाच्या कडेवर बसली. "हाक आहे, बाबा. टेकडीच्या पायथ्याशी लपल्यामुळे यंत्राला दिसली नाही. तुमचं हृदय मिनिटाला पंचाहत्तर हाका मारतंय. ओ मात्र सदतीसच येतायत."

"आणि बाकीच्या हाका?"

"वाटेतच अडकतात. वरून खाली निरोप नेणारी जी तार असते ना, ती खराब झालीय."

खंडेरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे एकाआड एक फाइल गहाळ होते."

"हो."

"छत्तीस वर्षं सरकारात काढली गं. मला त्यात काही नवल वाटत नाही."

हे त्यांनी मुलांसाठी हिंदीतही सांगितलं. मुलं हसली, वीणाही हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मग ती उठली आणि हृदयरोग विभागाचे डॉक्टर इंद्रजित यांना फोन लावला.

डॉक्टर दहा मिनिटांत आले. चाळिशीचे, उंच, भरभर चालणारे. त्यांनी पट्टी पाहिली, कागदावरच्या तीन खुणा पाहिल्या आणि विचारलं, "किसने पकड़ा?"

अवनीने मॅडमकडे बोट केलं. मॅडमनी अवनीकडे.

"चोटी भी चौड़ी है," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. उंच टोक सुईसारखं बारीक असायला हवं, ते खंडेरावांच्या पट्टीवर जाड होतं. म्हणजे बिघाड तारेच्या अगदी खालच्या टोकाशी होता, जिथे तो आपोआप सुधारत नाही. डॉक्टरांनी औषधं विचारली. कधी कधी एखाद्या गोळीनेही हृदय असं मंदावतं. पण खंडेराव बीपीची जी गोळी घेत होते ती त्यातली नव्हती. मग डॉक्टरांनी छातीच्या तारा मॉनिटरला जोडायला सांगितल्या.

"चलो अंकल, दस कदम. मैं साथ में हूँ."

खंडेराव उठले. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वीणा, आणि मागे तारांचा जुडगा सांभाळत अवनी. चालायला लागल्यावर हृदयाने वेग घ्यायचा असतो. मॉनिटरवर हाका खरंच वाढल्या, नव्वदच्या वर गेल्या. पण ओ वाढण्याऐवजी कमी झाले. सदतीसचे तीस. आता तीन हाकांना एक ओ येत होता. सातव्या पावलाला खंडेरावांचा चेहरा पांढरा पडला.

"थांब, जरा नकाशा बघतो," ते म्हणाले आणि पलंगाची कड धरून बसले.

वीणाला त्या एका वाक्याने वर्षभराचे सगळे जिने आठवले. प्रत्येक वळण, प्रत्येक बाक.

रक्ताच्या चाचण्या झाल्या, हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाचा पंप उत्तम होता. नसा, झडपा, सगळं जागच्या जागी. "मोटर नई जैसी है, अंकल," डॉक्टर म्हणाले. "सिर्फ़ वायरिंग पुरानी है." पेसमेकर बसवायचा, तोही लगेच. आजपासून भरती, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. अशा तारेचा काही भरवसा नसतो, ती कधी पूर्णच गप्प होईल सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खंडेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "डॉक्टरसाब, एक साल से मैं सीढ़ी नहीं चढ़ पाता, बाज़ार नहीं जा पाता. तो वो..."

"इसी वजह से."

"आलस नहीं था?"

डॉक्टर हसले. "सैंतीस की पल्स पर आप दूसरी मंज़िल चढ़ते थे, अंकल. आलसी आदमी तो नीचे ही बैठ जाता."

खंडेराव वीणाकडे वळले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा झाला होता. "घरी फोन लाव. आत्ता."

वीणाने लावला. पार्वतीबाईंनी उचलल्याबरोबर खंडेरावांनी फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"पार्वती, मी आळशी नाही. लेखी आहे माझ्याकडे. सहीनिशी."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग पार्वतीबाई म्हणाल्या, "कुठे आहात तुम्ही? वीणाकडे द्या फोन."

तासाभरात त्या आल्या. पायात घरातल्याच चपला, हातात स्टीलचा डबा. नीरज निघाला होता, पण त्यांना त्याची वाट बघवली नव्हती. एकट्याच ऑटो करून आल्या. त्या पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि खंडेरावांनी उशीखालून पट्टी काढली.

"हे बघ. ही हाक, हा ओ. ही हाक, इथे ओ नाही. ही हाक, हा ओ. वाच."

पार्वतीबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्या बोटाने रेघ धरून शेवटपर्यंत गेल्या. मग पट्टी नीट घडी करून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. "मी किती बोलले हो तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

"अगं, रडतेस काय? जिंकलो मी."

"जिंकलात. खा आता. मेथीचे ठेपले आहेत."

वीणा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. ती रोज चाळीसेक माणसांचे ईसीजी काढत होती. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचं हृदय तिने वेळेवर पकडलं होतं, आणि घरात, समोरच्या खुर्चीत बसलेलं एक तिला वर्षभर दिसलं नाही. ती आजही "ज्येष्ठ माणसांमध्ये" म्हणून पुढे जाणार होती.

थोड्या वेळाने पार्वतीबाई बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

"तूही रडतेस का? एकाच दिवशी किती जणी रडणार?"

"आई, मला कळायला हवं होतं."

"पन्नास वर्षं संसार केला मी या माणसाशी. मला कळलं नाही. तू निदान त्यांना पलंगावर तरी आडवं केलंस." त्यांनी वीणाच्या हातावर हात ठेवला. "आणि त्यांना घेऊन जा म्हणून कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही."

"मग. थोडं श्रेय मला पण राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या खांद्याखाली छोटासा छेद देऊन पेसमेकर बसवला. खंडेराव पूर्ण वेळ जागे होते आणि आतल्या नर्सला कालव्याचा उतार कसा ठरवतात ते समजावून सांगत होते. बाहेर आणल्यावर ईसीजी काढायला अवनीच आली. पट्टीवर आता प्रत्येक हाकेच्या मागे एक बारीक उभी रेघ होती आणि तिला लागून टोक. ती बारीक रेघ पेसमेकरची. तार हाक पोचवत नव्हती, म्हणून आता तो पोचवत होता. एकही हाक वाया जात नव्हती. अवनीने मोठ्याने मोजलं. "बहत्तर!"

पार्वतीबाईंनी खंडेरावांचं पाऊल चादरीखाली चाचपलं. वर्षभर त्यांचे पाय बर्फासारखे असायचे, जूनमध्येसुद्धा. त्यांनी दुसरंही पाऊल चाचपलं, मग पुन्हा पहिलं.

"वीणा," त्या म्हणाल्या, "पाय गरम आहेत गं."

तिथून पुढे घराची जी त्रेधा उडाली ती कुणाच्याच हिशेबात नव्हती. सगळ्यांना एका शांत, खुर्चीतल्या माणसाची सवय झाली होती. घरी परत आला तो वर्षापूर्वीचा खंडेराव, आणि वर्षभराचा अनुशेष घेऊन. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मंडळाच्या सचिवांना फोन करून तीन चुका दाखवल्या. दुसऱ्या आठवड्यात क्षिप्राला घेऊन सरोजिनी नगरच्या बाजाराला गेले आणि चालायचे बूट विकणाऱ्याशी इतका वेळ घासाघीस केली, की शेवटी त्यानेच त्यांना चहा पाजला. क्षिप्रा घरी येऊन सोफ्यावर आडवी झाली. "आई, आजोबा थकतच नाहीत! आता मला पेसमेकर पाहिजे."

डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. खंडेरावांच्या ती दिवसातून दहादा लक्षातून जायची. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, हात!" आणि हात खाली यायचा. पार्वतीबाई भिंतीपलीकडूनही कशा ओळखायच्या ते कोणालाच कळलं नाही.

माळ्यावरून त्यांनी नीरजकडून आपला जुना ड्रॉइंग बोर्ड काढवून घेतला. आठ दिवस त्यावर वाकून त्यांनी पंख्याएवढ्या कागदावर स्वतःच्या ईसीजीचा एक तुकडा वीसपट मोठा करून काढला. लाल शाईत चौकटी, काळ्या शाईत रेघ, आणि लपलेली हाक निळ्या शाईत. खाली उजव्या कोपऱ्यात, नकाशावर असते तशी, छोटी चौकट. प्रमाण, दिनांक, आरेखक खं. धारूरकर. आणि त्याखाली "शोधकर्ती: अवनी". वीणाने तो वर्गात भिंतीवर लावला तेव्हा अवनी किती तरी वेळ त्यासमोर उभी होती. त्यानंतर तिच्या प्रश्नांना कोणी हसलं नाही. उलट पुढच्या रांगेतले मागे वळून विचारायला लागले, "अवनी, तुझे कुछ दिख रहा है क्या?"

चौदा जानेवारीला मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला निघाली. दरवर्षी त्या दिवशी तिथल्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून आणि दिल्लीतून माणसं जमतात. मागच्या वर्षी खंडेराव थंडीचं कारण सांगून घरी राहिले होते. यंदा ते बसमध्ये सगळ्यात आधी चढले. अवनीलाही त्यांनी बोलावलं होतं. इतक्या जवळची असूनही तिने काला अंब पाहिलं नव्हतं. बाहेर धुकं दाटलं होतं आणि काचांवर वाफ धरली होती. खंडेराव उजव्या हाताच्या बोटाने त्या वाफेवर नकाशा काढत सुटले. ही यमुना, हा दिल्लीचा रस्ता, इथे छावणी, इकडून रसद तुटली. काच भरली की पुढच्या खिडकीवर. आजूबाजूची माणसं उठून उठून बघायला येऊ लागली.

"वर्षभर या माणसाने चार वाक्यं धड बोलली नाहीत," पार्वतीबाई वीणाला म्हणाल्या. "आता सोनीपत गेलं तरी थांबायचं नाव नाही."

त्या तक्रारच करत होत्या, पण चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. स्मारकापाशी उतरल्यावर खंडेराव सगळ्यांच्या पुढे चालत गेले. हात जोडून उभे राहिले तेव्हा मात्र गप्प होते, बराच वेळ. परतताना सगळ्यांनी तिळगूळ वाटला आणि गूळपोळ्या खाल्ल्या, आणि अवनीने दोन गूळपोळ्या घरी न्यायला बांधून घेतल्या.

फेब्रुवारीत एका शनिवारी पार्वतीबाई स्वतःहून वीणाबरोबर इस्पितळात आल्या. "माझाही काढ," त्या म्हणाल्या. "मीही दमते हल्ली. संध्याकाळी पाय भरून येतात. कोणी सांगावं, माझ्याही हाका अडकत असतील." खंडेराव काळजीने बरोबर आले होते. तपासणी चालू असताना पडद्याबाहेर उभे राहून दर मिनिटाला विचारत होते, "काय निघालं?"

वीणाने पट्टी एकदा पाहिली, मग कागदाची कड लावून दुसऱ्यांदा, आणि शेवटी डॉक्टर इंद्रजित यांना दाखवून आली. ते म्हणाले, वर्गात दाखवण्याइतका सुरेख ईसीजी आहे. शिवाय त्यांनी रक्त तपासून घेतलं. तेही ठीक होतं.

"काहीच नाही?" पार्वतीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती.

"काहीच नाही, आई. शहात्तर, आणि प्रत्येक ठोका जागेवर."

"मग मी उगीच दमते होय?"

"उगीच कशाला? सकाळी साडेपाचला उठता, आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या असता. कोणीही दमेल."

पडद्यापलीकडे खंडेराव खाकरले.

घरी जाताना ऑटोत ते फारसे बोलले नाहीत. पार्वतीबाईंना वाटलं, तब्येत बिघडली की काय, म्हणून त्यांनी हळूच नवऱ्याचं मनगट धरून पाहिलं. नाडी ठीक होती.

रविवारी सकाळी पार्वतीबाईंना जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. स्वयंपाकघरात दिवा लागलेला. भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला, मग गॅस पेटवायचे तीन प्रयत्न, मग आलं ठेचल्याचा धबधब आवाज. निदान चार घरांना पुरेल एवढं आलं असावं. त्या उठून बसल्या, पाय चपलांत घातले, आणि मग काढून पुन्हा रजईत घेतले.

तेवढ्यात डबे उघडायचे आवाज सुरू झाले. एक, दोन, तीन, चार.

"अहो," त्यांनी पडल्या पडल्याच आवाज दिला, "तो मिठाचा आहे! साखर खिडकीपाशी!"

"माहितीये मला!" खंडेराव आतून ओरडले, आणि पाचवं झाकण उघडल्याचा आवाज आला.